४० से. कमी

श्रावणातली दुपार होती. ध्वनिमुद्रण चालू असलं की विद्यापीठाच्या रेडिओ केंद्रावरच्या फोनचा रिसीव्हर आम्ही काढून ठेवतो. त्या दिवशी राहून गेलं. घंटी वाजली तशा आत बोलत असलेल्या पाहुण्या मध्येच थांबल्या आणि मी धावत बाहेर आले. पलीकडून बाईमाणसाचा आवाज, जरा दबकत, ‘‘रेडिओ का?’’ मी हो म्हटल्यावर तिनं एका दमात सगळं सांगितलं. तिचे वडील आमच्या विद्यापीठात दोन नंबरच्या गेटवर रात्रपाळीला होते. काम सुटल्यावर गेवराईच्या पुढं, गावी परतले. गेल्या फाल्गुनात गेले. आपण एकदा रेडिओवर बोललो, असं ते घरात, पारावर, सोयऱ्यांत सांगत राहायचे. पण गावात ते कुणी ऐकलेलं नव्हतं, ऐकणं शक्यच नव्हतं. ‘‘म्हणून म्हटलं इचारावं. खरंच बोलले व्हते का ते?’’

बोलले होते. मीच त्यांना बोलवलं होतं, मीच ध्वनिमुद्रण केलं होतं, कापून-जोडून तयारही मीच केलं होतं. ‘‘मग ऐकायला मिळंल का?’’ या प्रश्नाला मात्र नाही म्हणावं लागलं. ती गप्प झाली. तसं गप्प झालेलं माणूस फोनवर सोडवेना, म्हणून म्हटलं, थांबा, नोंदवही असेल. लोखंडी कपाटाच्या खालच्या खणात, ओल धरलेल्या गठ्ठ्यात २०१२ सालची प्रसारण नोंदवही सापडली. पानं एकमेकांना चिकटली होती. २ नोव्हेंबर, शुक्रवार, सकाळी सात वाजून दहा मिनिटं. ‘सकाळचे पाहुणे’. विषय : रात्रपाळी. तिच्या वडिलांचं, आम्ही त्यांना मामा म्हणायचो, पूर्ण नाव, माझ्याच अक्षरात. मी रकान्यामागून रकाना वाचत गेले आणि वाचण्याच्या ओघात शेवटचा, शेऱ्याचा रकानाही वाचला : ‘४० से. कमी केले.’

‘‘कामून कमी केले?’’

मी म्हटलं, वेळ बसत नव्हती. ती ‘‘बरं’’ म्हणाली, आभार मानले, त्या पानाचा फोटो मोबाईलवर पाठवायला सांगितला आणि फोन ठेवला. मी फोटो काढला. पाठवण्याआधी सहज मोठा करून पाहिला, तेव्हा लक्षात आलं की त्याच ओळीत दोन आकडे शेजारी शेजारी उभे आहेत. ठरलेली वेळ : ८ मिनिटं. प्रत्यक्ष वेळ : ७ मिनिटं २० सेकंद. आणि खालच्या ओळीत : बासरी, ४० सेकंद.

वेळ बसत होती.

आमचं केंद्र सुरू झालं तेव्हा मी एम.ए.च्या शेवटच्या वर्षाला होते. जुन्या ग्रंथालयामागं परीक्षेच्या उत्तरपत्रिका ठेवायची एक खोली होती, तीच स्टुडिओ झाली. भिंतींना आधी गालिचे ठोकले, मग करडा फोम आला, तरी जुन्या कागदांचा वास गेला नाही. पावसाळ्यात आजही येतो. ध्वनिमुद्रण करताना पंखा बंद, एसी बंद, एक ट्यूबलाइट गुणगुणते म्हणून तीही बंद. उन्हाळ्यात पाहुणे घामाघूम होऊन बाहेर पडायचे. पण त्या बंद खोलीत माणसाचा आवाज जसा येतो तसा कुठंच येत नाही. ओठ सुटे होताना होणारा बारीक आवाज, बोलण्याआधी घेतलेला श्वास, खरं काही सांगण्याआधी पडणारा थांबा. हेडफोन लावून मी ते सगळं ऐकायचे. समोर बसलेल्या माणसाच्या इतकं जवळ आपण एरवी जात नाही. पहिली काही वर्षं त्या जवळिकीचीच मला ओढ होती, हे आता कळतं.

प्रक्षेपक, म्हणजे ट्रान्समीटर, आमचा ५० वॅटचा. पूर्वी ओसरीवर जळायचा त्या पिवळ्या बल्बाएवढी त्याची ताकद. अँटेनातून बाहेर पडणारी शक्ती जास्तीत जास्त १०० वॅट आणि मनोरा जमिनीपासून ३० मीटरहून उंच नको, असा नियम आहे. एवढ्यात आवाज दहा-बारा किलोमीटर जातो, तोही वाटेत टेकडी नसेल तर. नोकरीच्या पहिल्याच महिन्यात मी खिशात छोटा रेडिओ घालून, कानाला वायर लावून स्कूटरवरून निघाले होते. आपला आवाज कुठवर जातो ते बघायचं होतं. बाजार समितीपर्यंत खणखणीत. पुलावर थोडी खरखर. साखर कारखान्याची चिमणी मागं पडली तसं दुसऱ्याच कुठल्या केंद्रावरचं गाणं आमच्या निवेदकाच्या बोलण्यात मिसळायला लागलं आणि एका वळणावर ते गाणंच उरलं. एफएमचं असंच असतं. दोन आवाज एकाच जागी आले की ज्याचा जोर जास्त तो राहतो, दुसरा पुसला जातो. त्या वळणावर बाभळीखाली मी स्कूटर थांबवली. दोन पावलं मागं गेलं की आमचा आवाज, दोन पावलं पुढं आलं की गाणं. कितीतरी वेळ मी तिथं मागंपुढं करत राहिले. विद्यापीठाची हद्द म्हणजे दगडी कुंपण, असं तोवर वाटत होतं. त्या दिवसापासून माझ्यासाठी विद्यापीठ त्या बाभळीपाशी संपायला लागलं.

मामांचं गाव त्या बाभळीपासून कितीतरी दूर होतं.

त्यांची ओळख झाली ती पहाटेच्या पाळीमुळं. सकाळी सहाला केंद्र सुरू व्हायचं, म्हणजे साडेपाचला मला दोन नंबरच्या गेटातून आत जावं लागायचं. गेटशेजारच्या पत्र्याच्या खोक्यात ते स्वेटर, मफलर, वर विद्यापीठाचा निळा कोट अशा थाटात बसलेले असत आणि खिळ्याला किल्ल्यांच्या जुडग्याशेजारी दोन बँडचा एक रेडिओ टांगलेला असे. रेडिओ चालूच असायचा. आम्ही रात्री दहाला प्रसारण थांबवत असू. त्यानंतर त्या जागी नुसती खरखर. एकदा मी म्हटलं, मामा, बंद तरी करा, सेल जातील. ते म्हणाले, ‘‘ऱ्हाऊ द्या की. सहाला तुमची धून वाजली की कळतं, पाळी सपली.’’ रात्रभर खरखर ऐकत बसलेलं ते माणूस आमच्या धूनीची वाट बघायचं. पण हे त्यांनी सांगितलं ते मला उशीर झाल्यानंतर काही दिवसांनी. एका सोमवारी मला अकरा मिनिटं उशीर झाला होता. गजर बंद करून पुन्हा झोपले होते. वाटलं होतं, सहा वाजता ऐकतंय कोण! वहीत मी ‘तांत्रिक बिघाड’ असं लिहिलं. दुसऱ्या दिवशी गेटात मामांनी एवढंच विचारलं, ‘‘काल बरं नव्हतं काय?’’

आपलं कुणीतरी ऐकतं, ही गोष्ट रेडिओवाल्यांना कायम सांगावी लागते. मोठ्या केंद्रांच्या श्रोत्यांची मोजणी होते, आमची कोण करणार? महिन्याकाठी चार-दोन पत्रं, वसतिगृहातल्या मुलांचे फोन, पावसाळ्यात ‘आवाज येत नाही’ अशा तक्रारी. मला त्या तक्रारी आवडायच्या. आवाज येत नाही असं सांगायला माणूस आधी ऐकत असावा लागतो. आमच्याकडं पावसाळ्यात बिघाड नेहमीचाच. मनोऱ्यावर चढणाऱ्या केबलच्या जोडात पाणी शिरतं, अँटेनाकडं गेलेली शक्ती उलटी परतायला लागते आणि प्रक्षेपक स्वतःला वाचवायला बंद पडतो. मग कुणीतरी भर पावसात गच्चीवर जायचं, जोड उघडायचा, पुसायचा, रबराची टेप गुंडाळायची. आमचे तेव्हाचे केंद्रप्रमुख छत्री न घेता जायचे. छत्री धरायला हात कुठं मोकळा असतो, म्हणायचे. हे इथं मुद्दाम लिहिते आहे, कारण ते ४० सेकंद कमी करायला त्यांनीच सांगितलं होतं.

मुलाखतीचा दिवस मला लख्ख आठवतो. ऑक्टोबर संपत आला होता, विद्यापीठाच्या मधल्या रस्त्यावर सप्तपर्णी फुलली होती आणि तिचा तो डोकं जड करणारा वास स्टुडिओच्या दारापर्यंत आला होता. पाळी संपवून मामा तसेच आले. खुर्चीच्या टोकाला बसले. मायक्रोफोनकडं न बघता माझ्याकडं बघून बोला, म्हटलं, तर टेबलाकडं बघून बोलले. पण काय बोलले! रसायनशास्त्राच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावरचा दिवा कोणत्या महिन्यात किती वाजता विझतो. प्रबंध जमा करायचे दिवस आले की पायऱ्यांवर बसून कोण रडतं, आणि अशा वेळी आपण शिट्टी न वाजवता लांबून कसं जायचं. कुठल्या सरांची गाडी नुसत्या आवाजावरून कशी ओळखू येते. पहाटे तीनला मोर ओरडला की बिबट्याची नाही, कुत्र्याची चाहूल आहे हे कसं ओळखायचं. ग्रंथालयाच्या मागच्या खिडकीची काच कुणी फोडली ते त्यांना माहीत होतं, पण नाव सांगितलं नाही; ‘‘पोरगं आता नोकरीला लागलंय’’ म्हणाले. विद्यापीठाच्या रात्रीचा असा जाणकार दुसरा नव्हता. पंधरा मिनिटं मी एकही प्रश्न विचारला नाही.

मग शेवटाला, मी काही न विचारता, त्याच सुरात ते म्हणाले, ‘‘आता तीन महिनं झालं, पगार न्हाई. दिवाळी तोंडावर आली. लेकरं फोनवर इचारत्यात, कधी येता. पर गेट काय सोडलं न्हाई आपन.’’ तक्रार अशी नव्हतीच ती. मोर, दिवा, सप्तपर्णी यांच्यासारखीच रात्रीतली आणखी एक गोष्ट. रखवालदार ठेकेदाराकडून आलेले, ठेकेदार विद्यापीठानं नेमलेला, आणि पैसे कुठंतरी मध्ये अडकलेले. कँपसमध्ये हे सगळ्यांना ठाऊक होतं. चहाच्या टपरीवर रोज बोललं जायचं. बोललं गेलं नव्हतं ते फक्त हवेवर.

केंद्रप्रमुखांनी ते ऐकलं, हेडफोन काढून टेबलावर ठेवला. म्हणाले, ‘‘हे चालू घडामोडींत जातं. शिवाय ठेकेदार आपला आहे.’’ दोन कारणं एका श्वासात. कोणतं खरं, कोणतं आधाराला घेतलेलं, हे मी तेव्हा विचारलं नाही. पुढंही कधी विचारलं नाही.

नियम होता, हे खरंच. आमच्यासारख्या सामुदायिक रेडिओ केंद्रांना बातम्या आणि चालू घडामोडी द्यायला मनाई आहे. आकाशवाणीच्या बातम्या जशाच्या तशा घेता येतात, स्वतःच्या नाही. हवामान चालतं, वाहतूक चालते, परीक्षेचे निकाल, प्रवेशाच्या तारखा, नोकरीच्या संधी चालतात. स्थानिक प्रशासनानं कळवलेल्या पाण्याच्या, विजेच्या, साथीच्या सूचना चालतात. म्हणजे उद्या पाणी येणार नाही, हे मी सांगू शकते. गेले तीन दिवस पाणी का आलं नाही, हे विचारलं की मी रेषा ओलांडली. या रेषेवर आम्ही वर्षानुवर्षं उभे आहोत आणि ती नेमकी कुठं आहे याचा अंदाज भीतीनं घेत आलो आहोत. परवानगीच गेली तर मोर, दिवा, सप्तपर्णी काहीच राहणार नाही, अशी ती भीती. केंद्रप्रमुखांची भीती खोटी नव्हती. फायलींमध्ये मी ती पत्रं पाहिली आहेत, दिल्लीच्या खेपा पाहिल्या आहेत. तेवढ्या खेपा घालून उभं केलेलं केंद्र ४० सेकंदांसाठी पणाला लावायचं का, हा प्रश्न त्यांच्या जागी मला पडला असता तर मी काय केलं असतं, ते मला आजही छातीठोकपणे सांगता येत नाही.

ज्या कपाटात ती नोंदवही सापडली, त्याच्याच वरच्या खणात परवान्याची फाइल आहे. तिच्या सुरुवातीला कुणीतरी एका निकालाची झेरॉक्स लावून ठेवली आहे. ९ फेब्रुवारी १९९५, सर्वोच्च न्यायालय. बंगालच्या क्रिकेट संघटनेचा खटला, १९९३च्या हिरो कपच्या सामन्यांचं प्रक्षेपण कुणी करायचं यावरून पेटलेला. तोवर १८८५च्या तार कायद्याच्या आधारानं हवा सरकारचीच, असं धरून चाललेलं होतं. या निकालात न्यायमूर्तींनी स्पष्ट म्हटलं की रेडिओलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे आणि तिच्यावर कुणाचीच मक्तेदारी असू नये. तिचा वापर बघायला सरकारपासून स्वतंत्र, समाजाच्या सगळ्या थरांचं प्रतिनिधित्व करणारी यंत्रणा हवी. मुख्य निकाल न्या. पी. बी. सावंतांचा. २०२१च्या फेब्रुवारीत ते पुण्यात वारले, तेव्हा मी ती झेरॉक्स पहिल्यांदा नीट, पेन्सिल घेऊन वाचली. क्रिकेटच्या भांडणातून कुठल्या कुठं गेलेला तो निकाल. त्यातूनच पुढं २००२च्या डिसेंबरात शिक्षणसंस्थांना केंद्र चालवायची मुभा मिळाली, १ फेब्रुवारी २००४ला चेन्नईच्या अण्णा विद्यापीठात देशातलं पहिलं कँपस केंद्र सुरू झालं, २००६च्या नोव्हेंबरात स्वयंसेवी संस्था आणि कृषी विज्ञान केंद्रांनाही दार उघडलं. आमची उत्तरपत्रिकांची खोलीही याच वाटेनं स्टुडिओ झाली. पेन्सिल हातात धरून मी एकाच ठिकाणी अडकले. हवा सगळ्यांची आहे, हे मान्य. पण मायक्रोफोन, मनोरा, वीजबिल, माझा पगार हे सगळं विद्यापीठाचं. मामांचे ते ४० सेकंद यातल्या कशात मोडत होते?

एका शतकामागं हे सगळं ज्यांनी सुरू केलं त्यांच्याविषयी वाचायचं मला वेड आहे. कोलकाता विद्यापीठाच्या विज्ञान महाविद्यालयात शिशिरकुमार मित्रांनी आपल्या बिनतारी प्रयोगशाळेतून १९२०च्या दशकात ‘टू सी-झेड’ या खुणेनं कार्यक्रम प्रसारित केले, तेव्हा आकाशवाणी हे नाव कुणाच्या कानावरही नव्हतं. त्याच्याही आधी अमेरिकेत, विस्कॉन्सिन विद्यापीठात अर्ल टेरी नावाचे भौतिकशास्त्राचे प्राध्यापक होते. त्यांच्या केंद्राची खूण ‘नाइन एक्स-एम’. प्रक्षेपणाला लागणाऱ्या काचेच्या नळ्या बाजारात मिळेनात, तर टेरी आणि त्यांचे विद्यार्थी प्रयोगशाळेत त्या स्वतः बनवायचे. काच फुंकायची, तार बसवायची, हवा काढायची, आणि नळी टिकेल तेवढी टिकेल. त्या नळ्यांतून आधी मोर्सच्या कट्-कडकट् भाषेत आणि मग माणसाच्या आवाजात शेतकऱ्यांसाठी हवामानाचा अंदाज जायचा. १३ जानेवारी १९२२ला त्या केंद्राला डब्ल्यूएचए हे नाव मिळालं, १९३१ मध्ये त्यावरून शाळांसाठी नियमित पाठ सुरू झाले. आमच्या केंद्राच्या भिंतीवर नळी फुंकणाऱ्या टेरींचं मी माझ्या हातानं काढलेलं एक चित्र आहे. नवी मुलं विचारतात, हे कोण?

पण माझं मन नळ्यांपेक्षा दुसऱ्याच गोष्टीपाशी घुटमळतं. त्याच विद्यापीठाचे अध्यक्ष चार्ल्स व्हॅन हाइस यांनी १९०५च्या सुमारास बोलून दाखवलं होतं की राज्यातल्या प्रत्येक कुटुंबापर्यंत विद्यापीठाचा लाभ पोचेपर्यंत आपल्याला समाधान नाही. रेडिओ तेव्हा यायचा होता. पुढं रेडिओ आला आणि त्या बोलण्याला वाट मिळाली. प्रत्येक कुटुंब! मी बाभळीपाशी स्कूटर थांबवलेली मुलगी, मला या वाक्यानं भरून आलं होतं. आता वाचते तेव्हा मला दोन नंबरचं गेट दिसतं. विद्यापीठाचा आवाज रात्रभर ज्याच्या कानापाशी होता त्याचा आवाज त्याच्या कुटुंबापर्यंत गेलाच नाही. हद्दीमुळं नाही गेला, आणि जेवढा हद्दीत होता तेवढ्यातून मी ४० सेकंद काढले.

कापण्याबद्दल सांगायलाच हवं. संगणकाच्या पडद्यावर आवाज म्हणजे हिरवी नागमोडी रेघ. शब्द म्हणजे उंचवटे, श्वास म्हणजे बारीक फुगवटा. नवशिका शब्दाच्या टोकाला कापतो, मग ऐकणाऱ्याला ठेच लागते. जाणता श्वासाच्या मध्यावर कापतो आणि पलीकडचा अर्धा श्वास त्याला जोडतो. ‘पोरगं आता नोकरीला लागलंय’ यानंतरचा मामांचा श्वास घेतला, ‘चला, यवढंच’ याच्या आधीचा श्वास घेतला, दोन्ही अर्धे जुळवले. इतकं बेमालूम जमलं की केंद्रप्रमुखांनी पाठ थोपटली. मलाही बरं वाटलं, हे मला लपवायचं नाही. कारागिराला काम साधल्यावर वाटतं तसं बरं वाटलं. मग उरलेल्या जागेत बासरी टाकली. २ नोव्हेंबरला सात वाजून दहा मिनिटांनी मामांनी ते गेटावर उभं राहून ऐकलं. पाळी सहाला संपली होती, तरी थांबले होते. भेटल्यावर मी घाबरत विचारलं, कसं वाटलं? ते म्हणाले, ‘‘बासरी ग्वाड व्हती.’’

बाकी एक अक्षर नाही.

आणि ध्वनिमुद्रण का नाही, तर त्याचाही एक नियम आहे. प्रसारित झालेला प्रत्येक कार्यक्रम तीन महिने जपून ठेवावा लागतो, कुणी तक्रार केली तर ऐकवता यावा म्हणून. तीन महिन्यांनंतर पुसून टाका, असं त्यात कुठंही लिहिलेलं नाही. पण हार्ड डिस्क महाग होती, जागा भरत होती, अंदाजपत्रकात आमच्या नावापुढं वीज आणि दुरुस्ती एवढंच. तीन महिने ठेवायचं, याचं हळूहळू तीनच महिने ठेवायचं असं होऊन बसलं. दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी एक विद्यार्थी बसायचा आणि जुनं पुसायचा. त्यात काय काय गेलं! प्रयोगशाळेतून निवृत्त झालेल्या एका परिचरांनी सांगितलेल्या चाळीस वर्षांच्या आठवणी. भाजी विकायला येणाऱ्या आजींच्या जात्यावरच्या ओव्या, ज्यातल्या एका ओवीत विद्यापीठाची घंटा आली होती. पहिल्या पिढीत शिकणाऱ्या मुलीनं वडिलांना हवेवरून वाचून दाखवलेलं पत्र. तक्रार कुणाचीच आली नाही, म्हणून सगळं गेलं. कुणी रागावून पत्र पाठवलं असतं तर ती ओवी कदाचित राहिली असती. पुसणाऱ्या मुलांचा दोष नाही, यादीवर सही माझीच असायची. गेल्या काही वर्षांत मी भांडून दोन मोठ्या डिस्क घेतल्या, आता पुसणं बंद आहे. पण मुलाखतीतून जे कापतो ते आजही कुठंच ठेवत नाही. कापलेल्या आवाजाला नोंदवहीत रकाना नाही. मामांच्या पानावर शेरा आहे तो मी का लिहिला असेन, कोण जाणे. तसा शेरा लिहायची पद्धतच नव्हती. वही भराभरा चाळून पाहिली. त्या वर्षात दुसऱ्या कुठल्याही पानावर मी असं काही लिहिलेलं नाही.

तो फोटो मी तीन आठवडे पाठवला नाही. तिनंही पुन्हा मागितला नाही. गणपती झाले. रोज पहाटे गेटातून जाताना पत्र्याच्या खोक्याकडं लक्ष जायचं. आता तिथं तरुण मुलगा असतो, मोबाईलवर काहीबाही बघत बसलेला, आणि उठून ‘गुड मॉर्निंग मॅडम’ म्हणतो. खिळा अजून आहे. नुसता आकड्यांचा भाग झाकून फोटो पाठवावा, असंही एकदा मनात आलं. पानाच्या कडेवर बोट ठेवून पाहिलं, रकाना झाकला जात होता. मग बोट काढलं आणि फोन लावला.

तिनं लगेच ओळखलं. ‘‘बोला ना मॅडम.’’ मागं कुठंतरी पाण्याची मोटर चालू होती. मी म्हटलं, मी तुम्हाला खरं सांगितलं नाही. वेळ बसत होती. ते जे बोलले ते मीच कापलं. आणि मग जसं आठवत होतं तसं, त्यांच्याच शब्दांत सांगितलं. तीन महिनं झालं, पगार न्हाई. दिवाळी तोंडावर आली. लेकरं फोनवर इचारत्यात, कधी येता. पर गेट काय सोडलं न्हाई आपन. माझ्या तोंडी ते शब्द परके वाटत होते, तरी मी त्यांतला एकही बदलला नाही.

मोटर बंद झाली. कुणीतरी बंद केली असावी.

‘‘ते तर आम्हाला म्हाईतच व्हतं,’’ ती म्हणाली. ‘‘त्या दिवाळीला आजोळाहून कपडे आले व्हते. दादा आलेच नव्हते, पाडवा झाल्यावर आले.’’ थोडा वेळ काहीच बोलली नाही. मग, ‘‘पण रेडिओवर बोलले व्हते ना ते? हे, पगाराचं?’’

‘‘बोलले होते. मायक्रोफोनसमोर बसून बोलले होते. बाहेर गेलं नाही.’’

‘‘दादांना कळलं व्हतं का, कापलंय म्हणून?’’

‘‘कळलं होतं. त्यांनी ते पूर्ण ऐकलं होतं.’’

‘‘काय म्हणले?’’

मी सांगितलं, बासरी गोड होती म्हणाले. ती हसली. अगदी थोडं, नाकातून, पण हसली. ‘‘आमच्या आयेला पण असंच करायचे. राग आला की भलतंच कायतरी चांगलं म्हणायचे.’’ बारा-तेरा वर्षं मी ते वाक्य दिलासा म्हणून जपून ठेवलं होतं.

मग ती म्हणाली, ‘‘फोटो पाठवा. आन् मॅडम, त्याच्यात ते लिवून पाठवा ना. जिथं कमी केलं लिवलंय तिथंच.’’

जुन्या नोंदवहीत नव्यानं काही लिहायचं नसतं. मी लिहिलं. खाली आजची तारीख घातली, सही केली. शेऱ्याचा रकाना दीड इंच रुंद आहे, अक्षर बारीक काढावं लागलं, ‘गेट’ हा शब्द दोनदा गिरवावा लागला. ओल धरलेल्या कागदावर शाई थोडी पसरली. पण बसलं सगळं.